शेगडी पेटती होती, गॅसचा अलार्म चालू होता, तरी वाजला नाही



थंडी सुरू झाली की ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, घरात गॅसचा अलार्म लावला आहे. मग रात्री खोलीत शेगडी ठेवली तर चालेल ना?" उत्तर एका शब्दाचं आहे, नाही. पण नुसतं ‘नाही’ म्हटलं की लोक घरी जाऊन शेगडी पेटवतातच, हा माझा अनुभव आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. तो अलार्म आतून कसा चालतो, तुमच्या शेगडीचा गॅस त्याला का कळत नाही, आणि तो कळावा म्हणून शास्त्रज्ञ सोनं, प्लॅटिनम, पॅलॅडियम असल्या धातूंचे बारीक कण घेऊन काय खटपट करत आहेत, हे सगळं यात येईल.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत देवळी तालुक्यातल्या एका खेड्यातून पहाटे एका बाळंतिणीला आणलं. बाळंत होऊन बारा दिवस झाले होते. डोकं फुटतंय म्हणत होती, दोनदा उलटी झाली होती, बोलता बोलता डोळे मिटत होती. ताप नाही, बीपी ठीक. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९९. बाळ गोधडीत सुस्त पडलेलं, दूध ओढत नव्हतं. सासू बाजूला कपाळ दाबून बसली होती. तिला विचारलं, "तुमचंही डोकं दुखतं का?" "हो जी, रातीपासूनच."

एका खोलीत झोपलेली माणसं एकाच वेळी आजारी पडली आणि ताप कोणालाच नाही, असं दिसलं की विचारायचा पहिला प्रश्न ठरलेला आहे: खोलीत शेगडी होती का? होती. बाजेखाली, रात्रभर. बाळाला वारं लागू नये म्हणून खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या आणि दाराखाली पोतं लावलेलं. तिघांनाही लगेच ऑक्सिजन लावला आणि मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे रक्ताच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड सापडला. तिघंही बरी झाली.

मुलगा बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाला. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. खोलीच्या भिंतीवर गॅसचा अलार्म, त्यावर हिरवा दिवा. "सर, हा रात्रभर चालू होता. वाजलाच नाही." अलार्म बिघडलेला नव्हता. तो स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखण्यासाठी बनवलेला होता, आणि तो गॅस त्या खोलीत नव्हता.

त्यांच्या आजेसासूबाईंनी मला विचारलं होतं, "कोयशाले धूर नाही राहत जी, मंग हा गॅस आला कोठून?" प्रश्न अगदी बरोबर आहे. पऱ्हाट्या, तुराट्या पेटवल्या की धूर होतो, डोळ्यांतून पाणी येतं, ठसका लागतो आणि माणूस आपोआप दार उघडतो. लालबुंद कोळसा मात्र सज्जन वाटतो. होतं असं की शेगडीच्या तळाशी हवा मिळते तिथे कोळसा नीट जळून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वर चढताना तापलेल्या कोळशाच्या थरातून जातो आणि तिथे त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. भरलेल्या शेगडीच्या वर कधी कधी निळसर ज्योत नाचताना दिसते ना, तो हाच गॅस जळत असतो. ज्योत विझली, वर राख धरली की तो न जळताच खोलीत पसरत राहतो. रंग नाही, वास नाही, डोळ्यांना चुरचुर नाही.

शरीरात गेल्यावर तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो. ऑक्सिजनपेक्षा त्याची पकड दोनशे पटींहून जास्त घट्ट असते. हिमोग्लोबिनच्या जागा अडून बसल्या की मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पुरत नाही. साध्या हवेत श्वास घेत राहिलं तर रक्तातला हा गॅस निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कनं भरपूर ऑक्सिजन दिला तर तेच काम साधारण तास-दीड तासात होतं. म्हणूनच अशा रुग्णाला तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबवायचं नसतं, आधी ऑक्सिजन लावायचा असतो.

आता ऑक्सिमीटरबद्दल. कोविडनंतर तो घरोघरी आहे आणि त्यावर लोकांचा देवाइतका विश्वास बसला आहे. हे यंत्र बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडून रक्त किती लाल आहे ते बघतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही लालच दिसतं, त्यामुळे त्याला ते ऑक्सिजन भरलेलं वाटतं. माणूस गुदमरत असताना पडद्यावर ९८, ९९ दिसू शकतं. खरा आकडा कळायला को-ऑक्सिमेट्री नावाची रक्ततपासणी लागते, आणि ती तालुक्याच्या ठिकाणी सहसा मिळत नाही. नाकाला कळत नाही, बोटावरच्या यंत्राला कळत नाही. मग उरतो खोलीतला सेन्सर.

कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्यांना ही अडचण फार पूर्वीपासून माहीत आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाणीतल्या मृत्यूंचा अभ्यास केला, हा गॅस स्वतः हुंगून बघितला, आणि खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी सोबत न्यावा असं सुचवलं. एवढासा जीव माणसाच्या आधी कोलमडतो, तेवढ्यात बाहेर पळता येतं. ब्रिटनमधल्या खाणींत हे पक्षी १९८६पर्यंत होते. आपल्या वर्धा नदीच्या खोऱ्यात, वणी-बल्लारपूरकडच्या खाणींतही हा गॅस मोजावाच लागतो, कारण कोळसा आतल्या आत धुमसायला लागला की कार्बन मोनॉक्साइड वाढणं ही त्याची सुरुवातीची खूण असते. खाणीत पक्ष्याऐवजी यंत्रं आली. आपल्या झोपायच्या खोलीत अजून काहीच आलेलं नाही.

तर त्या हिरव्या दिव्याच्या अलार्मकडे वळू. स्वस्त गॅस अलार्ममध्ये बहुधा टिन ऑक्साइडचा सेन्सर असतो. टिन म्हणजे कथील, पितळी भांड्यांना कल्हई करताना वापरतात तेच. १९६२च्या सुमारास जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी या पदार्थाचा गॅस ओळखायला उपयोग करून दाखवला. त्या काळी तिथे घरोघरी सिलिंडर येत होते आणि स्फोटही होत होते.

त्याचं काम समजायला सोपं आहे. टिन ऑक्साइडचे कण तापवले, साधारण २०० ते ४०० अंशांपर्यंत, की हवेतला ऑक्सिजन त्यांच्या पृष्ठभागावर येऊन बसतो आणि कणांमधले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. इलेक्ट्रॉन अडकले की त्यातून वीज कष्टानं वाहते. मग जळणारा एखादा गॅस आला, समजा कार्बन मोनॉक्साइड, तर तो हा बसलेला ऑक्सिजन उचलून स्वतः कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि वीज सहज वाहू लागते. यंत्र एवढाच फरक मोजतं.

यातली गोम तुमच्या लक्षात आली असेल. ऑक्सिजन उचलणारा कोणीही आला तरी फरक पडतो. स्वयंपाकाचा गॅस, हायड्रोजन, स्पिरिटची वाफ, कार्बन मोनॉक्साइड, सगळ्यांनाच तो थोडाफार ओळखतो. मग सिलिंडरच्या अलार्मला शेगडी का कळली नाही? कारण तो वाजायची पातळी फार वर ठेवलेली असते. स्वयंपाकाचा गॅस हवेत दोन टक्क्यांच्या आसपास झाला की पेट घेऊ शकतो. त्याच्या बऱ्याच खाली म्हणून अलार्म दहा लाखांत काही हजार भागांवर वाजतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र दहा लाखांत शंभर भाग असला तरी काही तासांत डोकं धरतं. दहा लाखांत एक भाग याला पीपीएम म्हणतात. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत १०० पीपीएम म्हणजे जेमतेम तीन लिटर गॅस, दुधाच्या लहान कॅनमध्ये मावेल एवढा. ती पातळी या अलार्मच्या हिशेबात ‘काही नाही’मध्ये जमा होते.

म्हणजे आपल्याला असा सेन्सर हवा ज्याला थोडा गॅस कळेल आणि तोच गॅस कळेल. डॉक्टर मंडळी रक्ताच्या तपासणीबद्दल हेच दोन प्रश्न विचारतात: आजार असेल तर सापडतो का, आणि नसेल तर उगाच ‘पॉझिटिव्ह’ येतो का. धातूंचं काम इथे सुरू होतं.

पहिली युक्ती कण लहान करण्याची. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक म्हणजे एक नॅनोमीटर. गॅसशी गाठ पडते ती फक्त कणाच्या पृष्ठभागाची, आतला गाभा नुसता बसून असतो. कण सुमारे ६ नॅनोमीटरच्या खाली गेला की गाभा असा उरतच नाही, सगळा कणच पृष्ठभागासारखा वागतो आणि सेन्सर एकदम तिखट होतो, असं जपानी संशोधकांनी १९९१ साली दाखवलं.

दुसरी युक्ती या कणांवर दुसऱ्या धातूचे आणखी बारीक ठिपके बसवायची. पॅलॅडियम किंवा प्लॅटिनमचा ठिपका हवेतला ऑक्सिजन फोडतो आणि आजूबाजूच्या कणांवर पसरवतो, त्यामुळे कमी तापमानावरही क्रिया होते. सोन्याची गंमत तर वेगळीच आहे. मंगळसूत्रातलं सोनं पिढ्यान् पिढ्या हवेत राहूनही काळं पडत नाही, कशाशीच संबंध ठेवत नाही. पण त्याच सोन्याचे काही नॅनोमीटरचे कण करून धातूच्या ऑक्साइडवर बसवले तर ते कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतात, आणि तेही शून्य अंशाच्या खालच्या तापमानात. ओसाकातले मासाताके हारुता यांनी १९८७ साली हे प्रसिद्ध केलं, तेव्हापासून कार्बन मोनॉक्साइडच्या सेन्सरवाले सोन्याच्या मागे आहेत. सोनं म्हटलं म्हणून किमतीला घाबरू नका, लागतं ते डोळ्याला दिसणारही नाही इतकं.

हे काम फक्त जपानातच होतं असं नाही. खानदेशात अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात कितीतरी वर्षं धातूंच्या ऑक्साइडचे गॅस सेन्सर बनवले जात आहेत. ऑक्साइडच्या भुकटीची लापशी करून काचेच्या किंवा चिनी मातीसारख्या पट्टीवर तिचा थर छापायचा, ही त्या क्षेत्रातली नेहमीची पद्धत. लग्नपत्रिका स्क्रीन प्रिंटिंगनं छापतात तसंच. मग तो थर धातूच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून भाजायचा, की वर ठिपके तयार. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. साध्या कॉलेजात, साध्या साधनांनी होण्यासारखं हे काम आहे.

मग असा सेन्सर त्या बाळंतिणीच्या खोलीत का नव्हता? कारण प्रयोगशाळेतली हवा आणि आपल्या घरातली हवा यांत फार अंतर आहे. वर्तमानपत्रात ‘नॅनो सेन्सरने विषारी गॅस ओळखला’ अशी बातमी आली की मी चार गोष्टी शोधतो. हवा कोरडी होती की दमट? बाकीचे गॅस सोडून बघितले का? किती तापमानावर? आणि सहा महिन्यांनी तोच सेन्सर तेच सांगतो का? बातमीत बहुतेक वेळा चारही उत्तरं नसतात.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. पाण्याची वाफ सेन्सरच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनची जागा अडवते, मग आकडा खाली येतो. यावर पॅलॅडियमचा उपयोग होतो, दमट हवेचा त्रास त्यानं कमी होतो असं प्रयोगांत दिसलं आहे. केसांच्या सीरममध्ये सिलिकॉन असतं, त्याची वाफ धातूच्या ठिपक्यांवर बसली की ते निकामी होत जातात. आणि तापवायला सतत वीज लागते हा तर आपल्यासाठी कळीचा मुद्दा, कारण लाइट गेली की अलार्म झोपतो आणि शेगडी जागी राहते. धातूचे ठिपके लावून सेन्सर न तापवता चालला, तर तो साध्या सेलवर महिनोन्‌महिने राहू शकेल. या सगळ्या संशोधनातून मला एक डॉक्टर म्हणून काही हवं असेल तर ते हेच आहे. जास्तीत जास्त तिखट सेन्सरच्या शर्यतीत मला फारसा रस नाही. कमी तिखट चालेल, पण दमट खोलीत, वीज नसताना, तीन वर्षांनीही खरं बोलणारा हवा. आणि त्याची परीक्षा एखाद्या खेड्यातल्या खोलीत, खऱ्या शेगडीजवळ व्हावी.

इंजिनिअरिंगची मुलं प्रदर्शनात ‘एमक्यू-७’ नावाचा छोटा सेन्सर लावून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दाखवतात. कौतुक वाटतं. पण तो सेन्सर ६० सेकंद जास्त आणि ९० सेकंद कमी तापवत ठेवायचा असतो आणि कमी तापलेला असतानाच वाचायचा असतो. शिवाय आधी माहीत असलेल्या प्रमाणाच्या गॅसवर तो जुळवून घ्यावा लागतो. तेवढं केलेलं नसेल तर त्याच्या भरवशावर कोणाला झोपवू नका.

आज विकत घ्यायचाच असेल तर? कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म मिळतो. त्यात बहुतेक वेळा विद्युत-रासायनिक सेल असतो, म्हणजे प्लॅटिनमसारख्या धातूवर हा गॅस येऊन थोडी वीज तयार करतो. तो सेलवर चालतो. खोक्यावर ‘कार्बन मोनॉक्साइड’ किंवा ‘सीओ’ स्पष्ट लिहिलेलं आणि ‘ईएन ५०२९१’ किंवा ‘यूएल २०३४’ हे मानक छापलेलं बघा. युरोपच्या मानकाप्रमाणे असा अलार्म ५० पीपीएमला तास ते दीड तासात, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत वाजतो. लगेच वाजला नाही म्हणून तो खराब आहे असं समजू नका, थोड्या गॅसला तो मुद्दाम वेळ देतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यानं त्याचा अलार्म जमिनीजवळ लावतात. कार्बन मोनॉक्साइड हवेत मिसळून जातो, म्हणून त्याचा अलार्म झोपल्यावर नाक जिथे असतं त्या उंचीच्या आसपास, झोपायच्या खोलीत लावायचा. सेलचं आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षं, मागे संपायची तारीख छापलेली असते. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हा अलार्म त्याला फसून वाजू शकतो. दोन्ही एका खोलीत ठेवू नका.

पण अलार्म नसला तरी आज रात्री करण्यासारखं बरंच आहे. वर्ध्यात हे सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण धूर घराबाहेर काढण्याचा विचार इथे जुना आहे. १९३४ साली इथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, कुमारप्पांनी मगनवाडीत काम उभं केलं, आणि धुरांड्याची ‘मगन चूल’ त्याच परंपरेतली. चुलीला धुरांडं असलं की धूर जातो, त्याबरोबर हा न दिसणारा गॅसही जातो. शेगडीला धुरांडं नसतं.

बाळंतिणीला शेक द्यायचा तर दिवसा द्या, दार आणि समोरची खिडकी उघडी ठेवून, कोणीतरी जागं असताना. झोपायच्या आधी शेगडी घराबाहेर, नुसती दाराआड नको. राख धरलेली शेगडी विझलेली नसते. बाळाला उबेसाठी टोपी, मोजे आणि आईच्या उघड्या छातीशी गोधडीत गुंडाळून धरणं, याच्याइतकी चांगली शेगडी कोणती नाही. पोटात बाळ असलेल्या बाईनं तर कोळशाच्या बंद खोलीत थांबूच नये, कारण गर्भाच्या रक्तात हा गॅस आईपेक्षा जास्त साठतो आणि उशिरा निघतो. न्हाणीघरातला गॅस गिझर हाही याच गॅसचा कारखाना आहे, तो बाहेरच्या भिंतीला बसवून घ्या.

अलार्म वाजला, किंवा घरातल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळ, चक्कर, झापड आली आणि ताप नाही, तर आधी सगळ्यांना उघड्यावर आणा. कोणी उठत नसेल तर १०८ला फोन करा. बाहेर आल्यावर बरं वाटलं तरी दवाखान्यात जा, कारण काहींना काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही विसराळूपणा, चालण्यात तोल जाणं असे त्रास सुरू होतात. आणि दवाखान्यात नुसतं ‘डोकं दुखतं’ सांगू नका. खोलीत शेगडी होती, दारं बंद होती, किती जण झोपले होते, हे सगळ्यात आधी सांगा, बोटावरचा आकडा ९९ दाखवत असला तरी.